कळंब : वर्धेच्या सीमेवरचे जुने ठाणे

कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. ते यवतमाळहून वर्ध्याकडे आणि पुढे नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, यवतमाळपासून सुमारे २३ किलोमीटरवर, चक्रवती नदीच्या काठी वसले आहे. विदर्भातील अष्टविनायकांपैकी चिंतामणी येथलाच. संकष्टीला आणि माघातल्या गणेशजयंतीला येथे गर्दी लोटते. बहुतेक भाविक दर्शन घेऊन, प्रसाद बांधून तासा-दोन तासांत परततात. ज्या गावात ते येऊन गेले ते एकेकाळी आजच्या यवतमाळ आणि चंद्रपूर परिसराच्या मोठ्या भागाचे मुख्य ठाणे होते, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पंधराव्या शतकात या गावासाठी लढाई झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या दरबारात त्याची नोंद झाली. एक दिवस हाताशी ठेवून आलेल्या माणसाला या गावातून वऱ्हाडचा पाचशे-सहाशे वर्षांचा इतिहास उलगडता येतो.

कळंबला हे महत्त्व वर्धा नदीने दिले. सातपुड्यात उगम पावणारी ही नदी दक्षिणेकडे वाहते, आणि तिचा काठ हीच शतकानुशतके वऱ्हाडची पूर्व सीमा होती. पश्चिमेला दख्खनच्या सुलतानांचा वऱ्हाड, पूर्वेला देवगड आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांचा जंगली मुलूख. चांद्याहून किंवा देवळीकडून नदी ओलांडून वऱ्हाडात शिरणाऱ्याला थोड्याच अंतरावर कळंब लागे. येथून एक वाट यवतमाळच्या पठारावर चढते, तर बाकीच्या राळेगाव, केळापूर आणि वणीच्या सखल पट्ट्याकडे उतरतात. पलीकडच्या मुलखावर नजर ठेवायची, नदीचे उतार राखायचे आणि वऱ्हाडातून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची, तर फौजेला बसायला ही जागा सोयीची होती. सीमा जिवंत होती तोवर कळंब मोठे राहिले. सीमा पुसत गेली तशी त्याची पायरीही उतरत गेली.

लिखित इतिहासात कळंब ठळकपणे दिसते ते बहमनी काळात. नववा सुलतान अहमदशहा वली (कारकीर्द १४२२ ते १४३६) याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली आणि उत्तर सीमेकडे लक्ष वळवले. १४२५ मध्ये त्याने माहूरवर स्वारी केली. माहूर घेतल्यावर तो कळंबकडे वळला आणि गोंड राजाच्या ताब्यातील हे ठिकाणही त्याने जिंकले, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. तेथे हिऱ्यांची खाण सुलतानाच्या हाती लागली, असेही त्याने नोंदवले आहे. फिरिश्त्याने हे घटनेनंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी लिहिले. कळंबच्या आसपास हिरे सापडत असल्याचा दुसरा पुरावा नाही. विदर्भातील हिऱ्यांची खाण म्हणून इतिहासाला ठाऊक आहे ती वैरागड, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, कळंबच्या बरीच पूर्वेला. कळंब घेतले म्हणजे त्या दिशेचा मार्ग मोकळा झाला, आणि ठाणे व खाण या दोन बातम्या पुढे एक होऊन इतिहासकारापर्यंत पोचल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या मोहिमेनंतर अहमदशहाने एलिचपुरात, म्हणजे अचलपुरात, मुक्काम केला आणि गाविलगड व नरनाळा या किल्ल्यांची उभारणी व दुरुस्ती करून घेतली. उत्तरेला सातपुड्यावरचे दोन गड, दक्षिणेला माहूर आणि पूर्वेला कळंब : वऱ्हाड कसा राखायचा याचा त्याचा विचार या चार ठिकाणांवरून स्पष्ट होतो.

पुढे बहमनी वजीर महमूद गावान याने सुभेदारांची सत्ता कमी करण्यासाठी मोठे सुभे विभागले, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. कळंबचा मुलूख माहूरकडे गेला. गावानला १४८१ मध्ये देहान्त शासन झाले, बहमनी राज्य फुटले, आणि १४९० मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्काने वऱ्हाडात इमादशाही सुरू केली. ही सत्ता १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने बुडवली. बावीस वर्षांनी, १५९६ मध्ये, अहमदनगरच्या चांदबिबीने मोगलांशी तह केला आणि वऱ्हाड अकबराला देऊन टाकला.

मोगलांनी मिळालेल्या मुलखाची लगेच मोजदाद केली. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, आणि त्यात कळंब हे एका सरकारचे मुख्य ठिकाण आहे. मोगल रचनेत सुभ्याखाली सरकार, सरकारखाली परगणे किंवा महाल आणि महालाखाली गावे असत. म्हणजे सरकारचे ठाणे हे आजच्या जिल्ह्याच्या गावासारखे. फौजदार तेथे बसे, वसुलाचे कागद तेथे जमत आणि परगण्यांचे देशमुख-देशपांडे हिशेबासाठी तेथे येत. त्याच सुभ्याच्या परगण्यांत ‘योत लोहारा’ हे नावही सापडते. अभ्यासक ते यवतमाळ आणि त्याच्या पश्चिमेचे लोहारा या जोडगावाचे नाव मानतात. म्हणजे सोळाव्या शतकात कळंब सरकारचे गाव होते आणि यवतमाळ एका परगण्याचे. आज त्यांचा क्रम नेमका उलटा आहे.

अबुल फजलने कळंबला दिलेला मजकूर थोडाच आहे, पण गावाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा तोच आहे. हे शहर प्राचीन आणि महत्त्वाचे आहे व येथील म्हशी नावाजलेल्या आहेत, असे तो सांगतो. जवळच बाबजी नावाचा गोंड जमीनदार राहतो, चांदा या नावाने तो अधिक ओळखला जातो, त्याच्यापाशी एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ आहे, हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याने नुकतेच दुसऱ्या सरदाराकडून घेतले आहे, आणि त्या रानात हत्ती पुष्कळ आहेत, असे त्याचे टिपण आहे. एवढ्या मजकुरात गावाची जनावरे, शेजारची सत्ता आणि जंगल तिन्ही आले. चाळीस हजार पायदळाचा आकडा फुगवलेला असू शकतो. तरी एवढे खरे, की मोगल दरबारातल्या कारभाऱ्यांना कळंब म्हटले की आधी त्याच्या पलीकडचा गोंड राजा आठवत होता.

म्हशींची ही नोंद विशेष विचार करण्याजोगी आहे. विदर्भाची स्वतःची म्हैस आहे. नागपुरी, एलिचपुरी आणि वऱ्हाडी या नावांनी ती ओळखली जाते. तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापर्यंत वळलेली शिंगे ही तिची खूण. उन्हाचा तडाखा सोसून, साध्या चाऱ्यावर ती दूध देते, आणि तिचे रेडे जड ओढकामाला लावले जात. सरकी-ढेपेचा खुराक मिळण्याआधीच्या काळात अशी जनावरे वाढवायला हवे होते ते गवताळ माळ आणि बारमाही पाणवठे. यवतमाळच्या डोंगरउतारांवर आणि वर्धेच्या खोऱ्यात दोन्ही होते. रानाकडच्या गवळ्यांनी जनावरे आणायची आणि काळ्या जमिनीतल्या कुणब्यांनी ती विकत घ्यायची, अशा देवघेवीला जंगल आणि शेती यांच्या सांध्यावरचे गाव लागते. कळंब तसे गाव होते. किल्ले आणि लढायांच्या नोंदींत सामान्य माणसाचा व्यवहार सहसा सापडत नाही. येथे तो एका शब्दात का होईना, सापडतो, आणि वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासासाठी तो १४२५ च्या स्वारीइतकाच महत्त्वाचा आहे.

अठराव्या शतकात वऱ्हाडाला दोन धनी झाले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामउल्मुल्काने दख्खनमध्ये स्वतंत्र सत्ता उभी केली, आणि वऱ्हाड कागदोपत्री त्याच्याकडे गेला. पाठोपाठ नागपूरकर भोसले चौथाई-सरदेशमुखीच्या हक्काने वसुलात वाटेकरी झाले. एकाच गावात निजामाचा आणि भोसल्यांचा असे दोन अंमलदार वसुलाला येत. या दोअमलीत रयत भरडली गेली. कळंबसारख्या ठाण्याचे तेजही याच काळात उतरू लागले, कारण भोसल्यांसाठी वर्धेचे दोन्ही काठ घरचेच होते, सीमेवरच्या चौकीची त्यांना पूर्वीसारखी गरज उरली नव्हती. नदी पुन्हा सीमा झाली ती १८०३ मध्ये. अडगावच्या लढाईत इंग्रजांकडून भोसल्यांचा पराभव झाला, आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने त्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो मुलूख निजामाला मिळाला.

मराठ्यांच्या राज्याचा शेवटचा अंकही याच टापूत खेळला गेला. १८१८ च्या एप्रिलमध्ये पेशवा दुसरा बाजीराव वणी-पांढरकवड्याच्या भागात आला होता. वर्धा ओलांडून चांद्याकडे जायचे आणि नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची मदत मिळवायची, असा त्याचा बेत होता. आप्पासाहेब तोवर इंग्रजांच्या कैदेत पडले होते. वणीच्या बाजूने कर्नल स्कॉटने वाट अडवली आणि पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सने पेशव्याच्या फौजेला गाठून तिची दाणादाण केली. पेशव्याला वर्धा ओलांडता आली नाही. अहमदशहाने चारशे वर्षांपूर्वी ओळखलेले या काठाचे लष्करी मोल त्या वेळी अखेरचे दिसले.

१८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. आरंभी बुलढाणा आणि हिंगोली अशा दोन ठाण्यांवरून प्रांत चाले. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके वेगळे काढून आग्नेय वऱ्हाड हा नवा जिल्हा केला गेला. पुढे त्याला वणी जिल्हा म्हणू लागले. नाव वणीचे असले तरी कचेऱ्या यवतमाळला होत्या. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे आला, आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. या साऱ्या फेरबदलात कळंबचा विचार कुणी केल्याचे दिसत नाही. सरकारचे जुने ठाणे यवतमाळ तालुक्यातले एक गाव होऊन राहिले.

यवतमाळच का, याची कारणे नकाशात आणि कापसात आहेत. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, मोकळ्या पठारावर आहे. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात ही उंची गोऱ्या अधिकाऱ्यांना मोलाची वाटली असणार. शिवाय १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. जिल्ह्याला सोयीचे स्टेशन धामणगाव ठरले. तेथपर्यंत यवतमाळहून सुमारे ४७ किलोमीटरची पक्की सडक झाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यवतमाळला निघाले, कापसाच्या गाड्या तेथे लागू लागल्या, अडते आणि वकील तेथे स्थायिक झाले. माल आता पूर्वेला वर्धेच्या उताराकडे जाण्याऐवजी उत्तरेला रेल्वेकडे जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेने यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे दारव्हा, कारंजामार्गे टाकली. लोकांनी जिला ‘शकुंतला’ म्हटले ती हीच. रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे. १९५१ मध्ये देशातल्या रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ही कंपनीच्याच मालकीची राहिली. १५ एप्रिल १९९४ ला तिचे वाफेचे इंजिन उतरवून डिझेलचे लावले, आणि पुढे गाडीच बंद झाली. शकुंतलाही गेली ती यवतमाळहून पश्चिमेला. कळंब पूर्वेला होते, म्हणून कापसाच्या सुगीच्या त्या काळात त्याच्या वाट्याला काहीच आले नाही.

कळंबला उरले ते देऊळ, आणि त्यानेच गावाचे नाव टिकवले. चिंतामणीचे मंदिर आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडाजवळ यावे लागते, आणि मग गाभाऱ्यात. अंगावरचे ऊन पायऱ्यांवरच राहते आणि खाली दगडाचा गारवा लागतो. पुराणकथा अशी : अहल्येच्या प्रकरणात गौतम ऋषींनी इंद्राला शाप दिला. शापातून सुटण्यासाठी इंद्र कदंबनगरात, म्हणजे येथे आला आणि त्याने चिंतामणीची आराधना केली. त्याने अंकुशाने जमीन भेदून गंगा वर आणली, कुंडातल्या पाण्याने स्नान केले आणि तो शुद्ध झाला. दर बारा वर्षांनी येऊन गणेशाच्या चरणांना स्पर्श करावा, असे त्याने गंगेला सांगितले. भाविकांची श्रद्धा आहे की त्याप्रमाणे कुंडातले पाणी काही वर्षांच्या अंतराने आपोआप वाढते, गाभाऱ्यात शिरते आणि मूर्तीच्या पायांना लागून ओसरते. अशी ‘गंगा’ आल्याची बातमी फुटली की आसपासच्या जिल्ह्यांतून माणसांची रीघ लागते.

पाणी चढते याचे कारण भूगोलात सापडते. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. सलग खडकात पाणी मुरत नाही, पण त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत ते साठते. वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात लागोपाठ चांगले पावसाळे झाले की भूजलाची पातळी जमिनीच्या बरीच जवळ येते. विहिरी तुडुंब होतात. जमिनीखाली बांधलेल्या मंदिरातले कुंड ही अशीच एक विहीर आहे, म्हणून पाणी तेथे वर येते, आणि पातळी उतरली की आपसूक निघून जाते. मंदिर खोल का बांधले याचेही उत्तर बहुधा यातच आहे. झरा आधी होता, त्याच्या पातळीला देव बसवला आणि भोवती चिरेबंदी केली, असा क्रम महाराष्ट्रात अनेक देवळांत दिसतो. कोरडवाहू कापसाच्या मुलखात जमिनीतून पाणी वर येणे हा प्रसंगच मोठा. त्या वर्षी रब्बी साधणार आणि उन्हाळ्यात विहीर आटणार नाही, हे शेतकऱ्याला पाण्याच्या त्या चढण्यातून कळते. श्रद्धेचे मूळ या अनुभवात आहे, आणि ते समजून घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.

कळंबशी आणखी एक प्राचीन नाव जोडले जाते, गृत्समदाचे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचा हा द्रष्टा. गणपतीच्या पूजेत आज सर्वत्र म्हटला जाणारा मंत्र त्याच मंडलाच्या तेविसाव्या सूक्तातला आहे. विनोबा भाव्यांनी गृत्समदावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी या ऋषीला यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचा रहिवासी म्हटले, आणि कापूस पेरण्याचा पहिला प्रयोग त्याने केला असे मानले. विनोबांचे आश्रम वर्ध्याला आणि पवनारला, म्हणजे कळंबपासून फार दूर नाहीत. ही परंपरा त्यांनी आपलीशी करणे स्वाभाविक होते. वेदातला मंत्र मुळात ब्रह्मणस्पतीला उद्देशून आहे, आणि कापसाची लागवड सिंधू खोऱ्याच्या परिसरात ऋग्वेदाच्या कितीतरी आधी होत होती. त्यामुळे इतिहास म्हणून ही गोष्ट स्वीकारता येत नाही. मात्र सूत, कापूस आणि गणपती यांना एका ऋषीच्या नावाने गुंफणारी कथा वऱ्हाडातच रुजू शकते. ज्या गावाच्या शिवारात पऱ्हाटी हेच मुख्य पीक आहे, त्या गावाने आपला आद्य शेतकरी ऋषींत शोधला.

एका दिवसाच्या भेटीत मंदिर पाहून झाल्यावर राळेगावकडे वळता येते. राळेगावजवळच्या रावेरीला सीतेचे जुने देऊळ आहे. वनवासात टाकलेली सीता येथे लव-कुशांसह राहिली आणि गावाने तिला गहू नाकारला म्हणून तिच्या शापाने येथे गहू पिकेनासा झाला, अशी कथा गावात सांगतात. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या पुढाकाराने या देवळाचा जीर्णोद्धार झाला. टाकलेल्या, एकट्याने मुले वाढवणाऱ्या बाईचे हे देऊळ आहे, असे ते मानत. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या संघटनेला हे देऊळ आपले वाटावे, ही यवतमाळच्या अलीकडच्या इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी घटना आहे. परतीच्या वाटेवर यवतमाळला शकुंतलेचे जुने स्टेशन पाहता येते.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्यातले तालुके वाढत गेले. आज ते सोळा आहेत आणि कळंब त्यांतला एक. वर्धा–यवतमाळ–नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या रुंद रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या यवतमाळ दौऱ्यात सुरू झाला. देवळी, भिडीवरून येणारी ही सुमारे ३९ किलोमीटरची वाट वर्धा नदी ओलांडून कळंबला पोचते. पूर्वेकडून वऱ्हाडात शिरण्याचा जुना मार्गही साधारण याच बाजूने होता. पुढचा टप्पा यवतमाळचा आहे, आणि तो सुरू होईपर्यंत या मार्गावरची गाडी कळंबलाच थांबून माघारी फिरते.